उन्हाने भाजलेल्या त्वचेवर कोरफड लावताय? या चुका टाळा

जोतिबाची चैत्र यात्रा करून आलं की कोल्हापुरात घरोघरी एकच चित्र. मान लालभडक, दंड तापलेले, आणि कुंडीतलं कोरफडीचं पान मोडून तसंच मानेवर घासणं चाललेलं. थोड्या वेळात खाज सुटते, पुरळ उठतं आणि 'आम्हाला कोरफड सोसत नाही' असा निकाल लागतो. गुन्हेगार बहुतेक वेळा चीक असतो. सालीलगतचा हा पिवळा, कडू चीक भाजलेल्या त्वचेला झोंबतो. पान बुडातून कापा आणि कापलेली बाजू खाली करून १५ मिनिटं पेल्यात उभं ठेवा. मग काटे, साल काढून गर दोनदा धुवा. पिवळट राहिलेला भाग टाकून द्या. कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा, मगच मानेवर. यात्रेच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणाऱ्यांना ही १५ मिनिटं का जड जातात, देव जाणे.

दुसरी खोड तुपाची. अंग तापलेलं असतानाच तूप किंवा खोबरेल तेल फासलं की उष्णता आतच कोंडते. आधी माठातल्या पाण्यात सुती पंचा भिजवून तापलेल्या जागेवर १० ते १५ मिनिटं ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ नको. आयुर्वेदात सांगितलंय ते शतधौत घृत, म्हणजे १०० वेळा पाण्याने धुऊन लोण्यासारखं पांढरं झालेलं तूप. फोडणीचं तूप बोटाने काढून लावलं म्हणजे तो उपाय झाला नाही.

लिंबू अजिबात नको. रस लावून उन्हात गेलात तर फोड येतात आणि काळे डाग कित्येक महिने हटत नाहीत.

मुलतानी माती वाळली की कातडी ओढते. चंदन सहाणेवर उगाळून पातळ लावा, वाळायच्या आत धुवा.

लाली १२ ते २४ तासांनी सर्वांत जास्त दिसते. सकाळी ती वाढली म्हणून रात्रीच्या उपायावर खापर फोडून तिसराच लेप थापू नका.

अंगावरचा गुलाल चोळू नका, पाण्याने वाहू द्या. फोड फोडू नका. ताप, थंडी, उलटी झाली किंवा लहान पोराच्या अंगावर फोड आले, तर कोरफड बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे न्या.