अडेनियम पावसात ठेवू नका: मिरगाआधी करायची कामे

रोहिणी लागल्या आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून काळ्या पिशवीतली फुललेली अडेनियम घरोघरी येतात आणि अंगणात थेट पागोळ्यांखाली मांडली जातात. हे आजच थांबवा. चवथीच्या सुमारास ठरलेली तक्रार येते: "झाड वरून हिरवेगार आहे, पण हात लावला की डुलते." तोवर बुंधा आतून कुजून गेलेला असतो. पाने हिरवी दिसतात ती बुंध्यात उरलेल्या साठ्यावर.

हे झुडूप आफ्रिकेच्या साहेल पट्ट्यातले आणि अरबस्तानातले. पाणी बुंध्यात साठवायचे आणि कोरडे महिने त्यावर काढायचे, ही त्याची रीत. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर एवढ्यातच. एखाद्या सरीने झाड भिजले म्हणून मरत नाही. मुळाशी पाणी थांबले की मरते, आणि ते थांबते आपल्या हलगर्जीपणामुळे.

आज संध्याकाळी कुंडी आडवी करून तळाचे भोक बघा. मुळांनी किंवा मातीने बुजले असेल तर सळी घालून मोकळे करा. खालची बशी काढून टाका. पाऊस पूर्ण जाईपर्यंत ती लावायची नाही. कुंडी चिऱ्याच्या दोन तुकड्यांवर चढवा. लादीवर टेकलेल्या कुंड्या आधी कुजतात असे मला वाटते. याला शास्त्राचा आधार विचारू नका, पण चिऱ्यावरच्या जास्त वाचलेल्या पाहिल्या आहेत. आता वरून तांब्याभर पाणी ओता. लगेच खालून धार लागली नाही तर मिश्रण बदलायचेच, पुढच्या आठवड्यावर टाकायचे नाही.

मिश्रणासाठी फुटक्या मंगळुरी कौलांचे वाटाण्याएवढे तुकडे किंवा बारीक खडी 3 भाग, कोळशाचा चुरा 1 भाग, जुने कुजलेले शेणखत 1 भाग. अंगणातली लाल माती एकटी भरू नका, चार झडींत ती घट्ट बसते. किनाऱ्यावरची वाळू तर नकोच, तिच्यात मीठ असते. दुकानात 'अडेनियम मिक्स' म्हणून महाग पिशवी मिळते. घेण्याआधी मूठभर भिजवून आवळून बघा. ढेप तशीच राहिली तर ते जवळजवळ निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, स्पंजासारखे पाणी धरून बसणारे. कौलांच्या मिश्रणाची ढेप होतच नाही. कुंडी बदलताना मुळे तुटली तर झाड चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या, आणि लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

जागा छपराखालची पण भरपूर उजेडाची हवी. पावसाचा झोत नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या बल्कांवात (घरापुढच्या छपराखालच्या ओट्यावर) कुंड्या भिजणारच. दुसरी बाजू बघा. जागा नसेल तर वर पारदर्शक पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या. प्लास्टिक गुंडाळून ठेवाल तर आत घाम धरतो.

बाकीची कामे:
– छाटणी: आता नाही. ओल्या हवेत कापल्या जागेतून कूज शिरते.
– खत: सप्टेंबरअखेरपर्यंत बंद.
– पाणी: वरची दोन बोटे माती कोरडी झाल्याशिवाय नाही. पाने गळली तर गळू द्या.
– पिठ्या ढेकूण: निंबोळी तेल 5 मिली, थोडा साबण, 1 लिटर पाणी, फवारणी संध्याकाळी. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर आधी मुळे तपासा.
– कण्हेरीवरची, अडेनियमवरही येणारी जाड हिरवी अळी, मानेजवळ दोन निळे डोळे, शेपटीला शिंग: हाताने वेचा.
– बोगनवेल, कोरफड, घायपात: कुंडीत असतील तर भोक आणि बशीचा नियम तोच.

झडी सुरू होण्याआधी कॉपर ऑक्सिक्लोराईड (बुरशीनाशक) 50 टक्के, लिटरला 2.5 ग्रॅम, बुंध्याभोवती एकदा ओता. दुकानदार त्याच्याबरोबर 'रूट बूस्टर'ची बाटली पुढे सरकवील. ती तिथेच ठेवा. तुंबलेले भोक बाटलीने मोकळे होत नाही.

दर रविवारी अंगठ्याने बुंधा दाबून बघा. कडक लागला तर ठीक. मऊ लागला तर त्याच दिवशी झाड उपटा. हातमोजे घाला, चीक विषारी असतो. आफ्रिकेत तो बाणांना लावत असत. पोरे आणि गुरे लांब ठेवा. तपकिरी भाग पूर्ण जाऊन पांढरा गर दिसेपर्यंत कापा, प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसा. कापावर बोर्डो मलम लावा: मोरचूद 100 ग्रॅम, चुना 100 ग्रॅम, पाणी 1 लिटर. दोन्ही अर्ध्या-अर्ध्या पाण्यात प्लास्टिकच्या बादल्यांत वेगळे भिजवून मग एकत्र करा. कुळागरवाल्यांना (सुपारीच्या बागवाल्यांना) हे सांगायला नको, सुपारीच्या कोळेरोगासाठी ते बोर्डो करतातच. कोयत्याचे स्वच्छ पाते त्यात बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घाला. मलम त्याच दिवशी वापरा.

भर पावसात काप सुकत नाही, ही खरी अडचण. चुलीच्या वरच्या फळीवर, धगीपासून लांब पण ऊब पोहोचेल तिथे, आठ-दहा दिवस ठेवा. सुकून खपली धरल्यावर कोरड्या मिश्रणात लावा, आणि नवी पालवी दिसेपर्यंत पाणी नको.

ऑक्टोबरात ऊन तापते तेव्हा कुंड्या आठवडाभर अर्ध्या सावलीत ठेवून मग बाहेर काढा. शेणखताची पहिली मूठ तेव्हा.