सोनचाफा लावताय? आधी खड्ड्यात पाणी ओतून बघा

मृगाचे दोन-तीन दणदणीत पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली, की सोनचाफ्याचं कलम लावायला हरकत नाही. त्याआधी एक काम करा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा मारा. पावसानं उघडीप दिली की संध्याकाळी त्यात चार बादल्या पाणी ओता आणि झोपा. सकाळी पाणी तसंच दिसलं तर ती जागा चाफ्याची नाही.

माझी पहिली दोन कलमं अशीच गेली. आषाढात पानं मलूल दिसायला लागली. आठवडाभर पाऊस नव्हता, म्हणून मी वर आणखी पाणी घातलं. शेवटी उपटून पाहिलं तर मुळं काळी पडलेली; चिमटीत धरली की साल सुटून बोटाला चिकटत होती. कोकणातल्या जांभ्या मातीत चाफा खुशीत वाढतो, कारण पाणी अंगावरून जातं, पायाशी थांबत नाही. भारी काळ्या जमिनीत खड्ड्याच्या भानगडीत पडूच नका. फूट-दीड फूट उंच मातीचा ओटा करून त्यावर लावा. चुनखडीच्या जमिनीत मात्र नवी पालवी सतत पिवळी पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथं माझ्या मते हट्ट करू नये, बकुळ लावावी.

खड्ड्यात दोन घमेली कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि वरची चांगली माती. कच्चं शेण नको. बागेसाठी दोन झाडांत दहा फुटांचं अंतर ठेवा.

रोप की कलम, हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. बियांपासून वाढवलेलं झाड फुलायला बरीच वर्षं घेतं आणि तोवर घराच्या कौलांवर जातं. कलमाला पहिल्या-दुसऱ्या वर्षीच कळ्या दिसतात. वेलणकर जातीची कलमं बहुतेक रोपवाटिकांत मिळतात. फांदी खोचून जगतो तो पांढरा देवचाफा, पानं गाळणारा. सोनचाफ्याची फांदी तशी खोचलीत तर सुकून जाईल. कलम आणल्यावर जोड बघा, म्हणजे खालच्या मुळांच्या खुंटावर चांगल्या झाडाची फांदी जोडलेली जागा. तो मातीच्या वर चार बोटं तरी राहायला हवा. जोड पक्का झाला की त्याची प्लॅस्टिकची पट्टी सोडा, नाहीतर ती सालीत रुतते. जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा नखानं खुडून टाका. खुंटाचे हे फुटवे जोमदार दिसतात, बघून आनंदही होतो, पण ते वाढले की कलम मागं पडतं.

आता उंचीचं. चाफ्याची फुलं नव्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात येतात. म्हणून कलम अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडायचा. बाजूच्या फांद्या फुटतील, पुढं त्यांचेही शेंडे खुडायचे. झाड सात-आठ फुटांच्या वर जाऊ देऊ नका. चाफ्याची फांदी ठिसूळ असते. फुलासाठी वर चढलेला माणूस फांदीसकट खाली येतो.

पाऊस सरला की बुंध्यापासून थोडं लांब भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा अंथरा. लहान कलमाला दर दोन-तीन दिवसांनी पाणी द्या. उन्हाळ्यात ताण बसला की कळ्या गळतात.

फांद्यांवर मुंग्यांची रांग दिसली तर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधा, मुंग्या या किडी सोडतात त्या गोड चिकट रसासाठीच वर जातात. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून पानांच्या खालूनही फवारा. कोवळी पानं कुरतडणाऱ्या हिरव्या अळ्या बहुधा हिरव्या ठिपक्यांच्या काळ्या फुलपाखराच्या असतात. झाड मोठं असेल तर मी त्यांना हात लावत नाही. लहान कलमावरच्या मात्र वेचून काढा, चार पानांच्या रोपाला दोन अळ्या पुष्कळ झाल्या.

विक्रीसाठी लावणाऱ्यांनी तोडणीची वेळ सांभाळावी. उजाडता उजाडता, पाकळ्या अजून मिटलेल्या असताना देठासकट फूल खुडायचं आणि सावलीत ठेवायचं. उन्हं वर आली की फूल पसरतं, पाकळ्या कडेनं तपकिरी पडायला लागतात, आणि दादरच्या फूलबाजारात असं फूल कुणी हातात घेत नाही. श्रावणात मागणी असते, तेव्हा पहाटेचा गजर त्या हिशेबानं लावा.