युद्धविरोधी मोर्चाला निघण्याआधी: बेळगाव, खानापूर, निपाणीसाठी तयारीची यादी

युद्धाचे ढग जमू लागले की हाताशी वेळ थोडा असतो, तरीही तारीख ठरवताना १७ जानेवारी, १ जून आणि १ नोव्हेंबर टाळाच. पहिले दोन दिवस सीमालढ्यातल्या हुतात्म्यांचे. तिसऱ्या दिवशी एकीकडे मराठी माणसांचा काळा दिवस, दुसरीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव. त्या दिवशी शांततेची मागणी केली तरी बातमी भाषावादाचीच होते. सुवर्णसौधमधलं कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असतानाही शहरात बंदोबस्त कडक असतो, तेव्हा तेवढे दिवस सोडा.

अर्ज किमान आठवडाभर आधी द्या. बेळगाव शहरात पोलीस आयुक्तांच्या नावे, बाकी ठिकाणी हद्दीच्या ठाण्यात. मराठी अर्जासोबत कन्नड अर्ज जोडला तर तो टेबलावर अडकत नाही. त्यात वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि तीन-चार जबाबदार माणसांच्या सह्या, पत्ते असावेत. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. तोंडी होकारावर विसंबू नका, कारण ऐनवेळी बंदोबस्ताला वेगळाच अधिकारी असतो. लाऊडस्पीकरची परवानगी निराळी मागावी लागते. आदल्या संध्याकाळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली जमावबंदी लागलेली नाही ना, याची ठाण्यात खात्री करा. लागली असेल तर जमू नका. दोघा-तिघांनीच जाऊन निवेदन द्या.

धर्मवीर संभाजी चौकातून कॉलेज रोडने चन्नम्मा चौक आणि पुढे जिल्हाधिकारी कार्यालय हा मार्ग सोयीचा आहे. मात्र कार्यालयाला लागून कोर्ट आहे, सिव्हिल हॉस्पिटलही जवळच. शांतता क्षेत्र शंभर मीटरचं असतं, तेव्हा चन्नम्मा चौकातच स्पीकर बंद करा आणि शेवटचा टप्पा मुक्यानं चाला. कॅम्पातल्या लष्करी हद्दीकडे मोर्चा वळवू नका, तिथले फोटो काढू नका, ड्रोन तर नाहीच.

सगळ्यात जास्त वेळ घोषणांना द्या. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र याच शहरात आहे आणि खानापूर, चंदगडच्या कितीतरी घरांतलं पोरगं आत्ता सीमेवर उभं आहे. जवानाच्या आईला टोचेल असा एकही शब्द नको. मागणी सरकारकडे आहे: बोलणी करा, आमची पोरं जिवंत घरी येऊ द्या. दुसऱ्या देशाला किंवा धर्माला शिव्या नकोत. तशी एक घोषणा सगळा मोर्चा बुडवते आणि गुन्हाही दाखल होतो. फलक मराठीत आणि कन्नडमध्ये सारख्याच आकाराचे, शक्य तिथे उर्दूतही. ‘युद्ध नको, शांतता हवी’च्या शेजारी ‘युद्ध बेड, शांती बेकु’ कन्नड लिपीत कन्नडभाषक शेजाऱ्याकडूनच लिहून घ्या, म्हणजे चूक राहत नाही. भगवा किंवा लाल-पिवळा कुठलाच झेंडा नको.

कापडी बॅनरला मांजरपाट घ्या, साधारण तीन मीटर लांब, एक मीटर रुंद. अक्षरं सहा इंची, ऑइल पेंटनं, दोन दिवस आधी रंगवलेली. मार्कर बेळगावच्या पावसात अर्ध्या तासात ओघळतो. वाऱ्यासाठी कापडाला पाच-सहा अर्धगोल चिरा द्या, नाहीतर ते शिडासारखं फुगून धरणाऱ्याला ओढतं. काठ्या पोलीस काढून घेतात, म्हणून दोन्ही टोकांना मुठीत धरण्याजोग्या कापडी घड्या शिवा.

दर वीस माणसांमागे एक स्वयंसेवक, दंडाला पांढरी पट्टी. त्यांतल्या निम्म्या बायका हव्यात. गावाकडून माणसं मालवाहू टेम्पोत भरून आणू नका. तशी गाडी वाटेतच अडवतात आणि मोर्चा अर्धा होतो. बस किंवा वडाप ठरवा, आणि परतीची शेवटची बस सुटायच्या दोन तास आधी सभा संपवा.

प्रत्येकाकडे एक लिटर पाणी, बिस्किटं, रोजची औषधं, ओळखपत्राची झेरॉक्स. उन्हात भोवळ आली तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचा अंदाज चुकला तर पाणी अपाय करतं, म्हणून पुड्या घरीच बांधून आणा. कॉन्टॅक्ट लेन्स नकोत. अश्रुधूर आलाच तर वाऱ्याच्या उलट दिशेला चाला, डोळे चोळू नका, साध्या पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवा.

फोनला बोटाच्या ठशाऐवजी पिन लावा. वकिलाचा नंबर बॉलपेननं दंडावर लिहा, कारण फोन आधी जमा होतो. पकडलं तर ढकलाढकली नको. अटकेचं कारण विचारा आणि घरच्या कोणाला तरी कळवायला सांगा. चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर महिलेला अपवाद सोडता अटक करता येत नाही. मोफत वकिलासाठी १५१०० वर फोन लावा.

निवेदनाची पोच हातात आल्यावर चौकातला कचरा उचला, गाडीनिहाय माणसं मोजा, आणि शेवटचा माणूस बसमध्ये चढेपर्यंत पट्टीवाल्यांनी जागा सोडू नये.