सूज कमी करणारं औषध रक्तवाहिनीच्या स्मूथ मसल पेशींची वाढ थांबवतं का, हे कसं तपासायचं

एमटीटी (जिवंत पेशींमध्ये जांभळा रंग तयार होतो ती चाचणी) लावला, जांभळा रंग फिका आला आणि लगेच 'औषधाने वाढ थांबली' असं लिहून मोकळं झालं, हे बघून वैताग येतो. एमटीटी पेशींची चयापचयाची हालचाल दाखवतो, मग पेशी मेल्या काय, वाढायच्या थांबल्या काय, नुसत्या सुस्तावल्या काय, रंग फिकाच पडणार.

म्हणून आधी पेशी कमी पॅसेजच्या (म्हणजे एका भांड्यातून नव्या भांड्यात कमी वेळा वाढवलेल्या) घ्या, जास्त पॅसेज झाले की त्यांचं वागणंच बदलतं. मग ०.१ ते ०.५ टक्के सीरममध्ये (सीरम म्हणजे पेशींना वाढीचे घटक देणारा रक्तातला द्रव) २४ ते ४८ तास उपाशी ठेवा, म्हणजे बहुतेक पेशी विभाजन थांबवून एकाच टप्प्यावर येतात. मग औषध, साधारण अर्ध्या-एक तासाने पीडीजीएफ-बीबी (या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन), १० ते २० नॅनोग्रॅम प्रति मिली. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर कंट्रोलमध्येही तेवढाच डीएमएसओ घाला, आणि तो ०.१ टक्क्याच्या वर नको.

डोसकडे नीट बघा. सूज उतरवायला अ‍ॅस्पिरिन मोठ्या डोसमध्ये देतात तेव्हा रक्तात सॅलिसिलेट साधारण १ ते २ मिलिमोलर असतं, हार्टसाठीच्या छोट्या गोळीत त्याच्या खूप खाली, त्यामुळे १० मिलिमोलरला पेशी थांबल्या म्हणून पेशंटबद्दल काही बोलता येत नाही.

आता खरं मोजमाप: ईडीयू किंवा बीआरडीयूने (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारी खूण-रसायनं) नवा डीएनए, ट्रिपॅन ब्लू (फक्त मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग) घालून प्रत्यक्ष मोजणी, आणि सोबत एलडीएच (पेशी फुटल्या की बाहेर गळणारं एन्झाइम). ईडीयू कमी पण एलडीएच वाढलेलं नाही, तर वाढ थांबली म्हणायला हरकत नाही. एलडीएच वाढलं तर ते विष झालं, औषध नाही.

का थांबली हे शोधायला फ्लो सायटोमेट्री करा, म्हणजे एकेका पेशीतला डीएनए मोजून ती विभाजनाच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा. कोल्चिसिन हे सूज कमी करणारं औषध मायक्रोट्यूब्यूलवरच (विभाजनात गुणसूत्रं ओढणाऱ्या पेशीतल्या नळ्यांवर) बसतं त्यामुळे पेशी ऐन विभाजनात, जी२/एम या टप्प्यावर अडकतात, यात सुजेचा काही संबंधच नसू शकतो. कॉक्स (प्रोस्टाग्लँडिन बनवणारं एन्झाइम) बंद करणाऱ्या अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्यांची गंमत वेगळीच, कारण कॉक्समधून बनणारं प्रोस्टासायक्लिन याच पेशींना ब्रेक लावतं, म्हणजे कॉक्स बंद केल्यावर वाढ कमीच होईल असं धरून चालू नका. कमी झालीच तर बाहेरून प्रोस्टाग्लँडिन ई२ (कॉक्समधून बनणारा पदार्थ) घालून बघा, तरी वाढ परत आली नाही तर परिणाम बहुधा कॉक्सच्या वाटेने नाही.

आणि हो, एका प्लेटमधले तीन वेल (पेशी वाढवायचे खळगे) म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, वेगवेगळ्या डोनरच्या पेशी घ्या.