निपाणीहून लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढायची

निपाणी, चिकोडी, खानापूरकडची मुलं शिकायला परदेशी निघाली की घरात दोनच प्रश्न असतात: किती लांब आणि किती वेळ. तिकिटावर एकाचंही सरळ उत्तर नसतं.

आधी अंतर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवू नका. सपाट कागदावर उत्तरेकडचे देश ताणलेले असतात, त्यामुळे माप चुकतं. ३० सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. त्याचा परीघ ९४ सेंटीमीटर, पृथ्वीचा सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा १ सेंटीमीटर साधारण ४२५ किलोमीटर. शिवणाच्या दोऱ्याचं टोक मुंबईवर अंगठ्याने दाबा, दुसरं लंडनवर ओढा आणि घट्ट ताणा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो. तीच जवळची वाट. सुमारे १७ सेंटीमीटर भरेल, म्हणजे ७,२०० किलोमीटर.

देशातल्या देशात गोलही लागत नाही. दिल्ली सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगावच्या विमानतळाच्या, जवळजवळ सरळ उत्तरेला आहे. अक्षांशांतला फरक १२.७ अंश, अंशाला १११ किलोमीटर, झाले १,४१०. खरं अंतर १,४३५च्या आसपास.

मग वेळ. किलोमीटरला ८५० ने, म्हणजे विमानाच्या ताशी वेगाने, भागा, चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. लंडनला नऊ तास येतात. प्रत्यक्षात जाताना साडेनऊ-दहा लागतात, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि जाताना समोरून येतात. येताना तेच वारे पाठीशी असतात. शिवाय विमान नेहमी दोऱ्याच्या वाटेने जात नाही. २०२२ पासून युक्रेनचं आकाश बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना हद्द बंद केली. वळसा पडला की वेळ वाढते.

सगळ्यात जास्त चुका घड्याळात होतात. तिकिटावर सुटण्याची वेळ सुटायच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचायच्या गावची असते. समजा, जुलैत मुंबईहून दुपारी १.३० ला सुटून लंडनला संध्याकाळी ६.३० ला पोचायचं आहे. हे पाच तास नव्हेत. तिथल्या उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, म्हणून तिथले ६.३० म्हणजे आपले रात्रीचे ११. प्रवास साडेनऊ तासांचा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच तास धरा.

आता उलटं मोजत घरापर्यंत या. सांबऱ्याहून विमानाने मुंबईला येऊन पुढचं विमान धरायचं, तर मुंबईत चार तास हाताशी हवेतच. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा द्यावं लागतं, टर्मिनल बदललं तर रस्त्याने जावं लागतं, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी थांबत नाही. जमेल तर एकाच तिकिटावर जा. चार तास धरले की मुंबईत सकाळी ९.३० ला उतरायचं, सांबऱ्याहून ८.१५ ला उडायचं, तिथे ६.१५ ला हजर राहायचं आणि निपाणीतून पहाटे ४.३० ला गाडी काढायची. वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून सुटणाऱ्या जीपच्या, भरवशावर राहू नका. त्या दिवशी सकाळचं विमान नसेल तर आदल्या दिवशीच मुंबई गाठा.

लंडनला पासपोर्ट तपासणी आणि सामानाला दीड तास धरा. उंबऱ्यापासून एकूण वीस तास. पोचल्याचा फोन आपल्या रात्री साडेबाराच्या सुमारास येईल. त्याआधी फोन बंद लागला तर घाबरू नका.