पियानो पदविकेसाठी अभिजात सोनाटा कसा निवडावा

पियानोवादनाच्या पदविका परीक्षेसाठी सोनाटा, म्हणजे सहसा तीन-चार भागांची वाद्यरचना, निवडायला बसलेला विद्यार्थी बहुधा सोनाटाचा पहिला भाग ऐकतो, तो आवडला की निर्णय पक्का करून टाकतो, आणि मधल्या संथ भागाकडे त्याचे लक्ष जाते ते दोन महिन्यांनी. खान्देशात पियानो शिकवताना हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत झाले आहे. आपल्याकडे ख्यालगायकाची पारख विलंबितात होते. सोनाटाही त्याच्या संथ भागावरूनच निवडावा. मात्र त्याआधी दोन कामे उरकून घ्यावी लागतात.

पहिले काम अभ्यासक्रम वाचण्याचे. एबीआरएसएम असो वा ट्रिनिटी कॉलेज लंडन (दोन्ही संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या ब्रिटिश संस्था), संस्थेच्या संकेतस्थळावरून चालू अभ्यासक्रम उतरवून घ्यावा. आधी परीक्षा दिलेल्या कुणाकडून मिळालेल्या जुन्या यादीवर विसंबू नये. यादीत सोनाटा संपूर्ण वाजवायचा आहे की त्यातील ठरावीक भाग चालतात, हे शब्दशः वाचावे आणि मग मिनिटांचा हिशेब मांडावा. उदाहरणार्थ, एबीआरएसएमच्या एआरएसएम या पदविकेचा कार्यक्रम ३० मिनिटांचा असतो आणि त्यातील किमान २० मिनिटांचे संगीत यादीतले असावे लागते. हायडनचा ई मायनरमधला (मायनर म्हणजे उदास छटेचे स्वरसप्तक, मेजर म्हणजे प्रसन्न छटेचे) सोनाटा (होबोकेन १६:३४; होबोकेन, ऑपस, के. हे रचनांचे सूचीतले क्रमांक) साधारण बारा मिनिटांत होतो, बीथोव्हनचा ऑपस १३ अठरा-वीस मिनिटे घेतो, तर त्याचाच १८०२ चा डी मायनर सोनाटा, ऑपस ३१ क्रमांक २, चोवीस-पंचवीस मिनिटांपर्यंत जातो. हा शेवटचा घेतला तर तीस मिनिटांच्या कार्यक्रमात दुसऱ्या कुठल्याही काळाला, दुसऱ्या कुठल्याही रंगाला जागा उरत नाही. पहिल्या भागातील एक्स्पोझिशन, म्हणजे जिथे मुख्य आशय प्रथम मांडला जातो तो टप्पा, पुन्हा वाजवायचा की नाही हेही याच वेळी ठरवावे, कारण एका पुनरावृत्तीने दोन मिनिटे सहज वाढतात.

दुसरे काम वाद्याचे. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ या गावांत बहुतेक घरी डिजिटल पियानो किंवा साधा की-बोर्ड असतो. मोझार्टच्या काळच्या पियानोला पाच सप्तके, म्हणजे ६१ पट्ट्या होत्या, आणि आपल्या घरच्या लहान की-बोर्डलाही ६१ पट्ट्याच असतात, म्हणून मोझार्ट त्यावर बसेल असे अनेकांना वाटते. पण त्याचा पियानो खालच्या ‘एफ’पासून सुरू होत असे आणि आपला की-बोर्ड त्याच्या वरच्या ‘सी’पासून सुरू होतो, त्यामुळे डाव्या हाताचे खालचे स्वर नेमके हवे तिथे सापडत नाहीत. पदविकेच्या तयारीला वजनदार पट्ट्यांचा, ८८ पट्ट्यांचा पियानोच हवा. ज्यांच्याकडे लाकडी पियानो आहे त्यांनी हवामान ध्यानात घ्यावे. मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास असताना लाकूड सुकते आणि सूर उतरतो, पावसाळ्यात दमटपणाने तो पुन्हा चढतो. सूर लावणारा जाणकार बहुधा मुंबई-पुण्याहून बोलवावा लागत असल्याने त्याची तारीख परीक्षेच्या बरीच आधी पक्की करावी.

आता खरी निवड. यादीतून तीन सोनाटे काढावेत, त्याहून जास्त नकोत. ते शक्यतो वेगवेगळ्या स्वभावाचे असावेत: हायडनचा एक, मोझार्टचा एक, बीथोव्हनचा एक. मोझार्टचा सी मेजर सोनाटा के. ५४५ किंवा बीथोव्हनचे ऑपस ४९ चे दोन छोटे सोनाटे सर्वांच्या ओळखीचे आहेत, पण ते पदविकेच्या पातळीला सहसा पुरे पडत नाहीत. उलट ऑपस ५३ किंवा ऑपस ५७ यांना नुसत्या आवडीपोटी हात घालू नये. मोझार्टचे के. ३१०, के. ३३२, के. ३३३, के. ४५७, हायडनचा ई फ्लॅट मेजर (१६:४९) आणि बीथोव्हनचे ऑपस १० मधले सोनाटे विचारात घेण्याजोगे आहेत. त्यांतले कोणते कुठल्या पातळीला चालतात ते यादी सांगते.

या तिन्हींचे संथ भाग आधी उघडावेत. के. ३३२ चा अडाजिओ, म्हणजे संथ भाग, बी फ्लॅट मेजरमध्ये आहे. पहिले चार बार (तालाचे लहान खंड) गोड आणि निवांत जातात, आणि पाचव्या बारला तीच धून मायनरमध्ये उतरते. तिथे आवाज नुसता हळू करून भागत नाही. सुराची छटा बदलावी लागते, आणि डाव्या हाताचे सोळांश, म्हणजे छोटे जलद, स्वर त्या बदलाला धक्का न लावता चालत राहावे लागतात. ऑपस १३ च्या अडाजिओ कांताबिलेमध्ये अडचण निराळी आहे. उजव्या हाताच्या वरच्या बोटांनी धून गायची आणि त्याच हाताच्या खालच्या बोटांनी सोळांश स्वर वाजवायचे, तेही इतके हलके की ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवत आहेत असे वाटावे. हायडनच्या ई मायनर सोनाटाचा अडाजिओ तर पूर्ण विसावत नाही. तो थेट शेवटच्या भागात शिरतो, आणि ते वळण साधले नाही तर सोनाटाचा धागाच तुटतो.

प्रत्येक संथ भागाचे पहिले सोळा बार आठवडाभर रोज वाजवावेत. आधी धून तोंडाने गाऊन पाहावी. श्वास कुठे घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलीने खूण करावी आणि मग तिथेच हातही श्वास घेतो का हे तपासावे. आठवड्याच्या शेवटी मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ते लगेच न ऐकता दुसऱ्या दिवशी सकाळी ऐकावे. जो भाग सात दिवसांनंतरही पुन्हा वाजवावासा वाटतो, त्याचा सोनाटा यादीत ठेवावा.

त्यानंतरच हातांची कसोटी घ्यावी. मी स्वतः पदविकेसाठी ऑपस १३ निवडला तो त्याच्या भारदस्त सुरुवातीसाठी. गंभीर प्रस्तावना संपून वेगवान भाग सुरू झाला की डाव्या हाताला सप्तकभर अंतराचे दोन स्वर आळीपाळीने, न थांबता हलवत राहावे लागतात. दोन ओळींतच माझा हात मनगटापासून कोपरापर्यंत आखडून जात असे. तीन महिने सराव करूनही ते सुटले नाही आणि सोनाटा बदलावा लागला. तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशीच सर्वांत अवघड ओळ शोधायला लावतो. ती निम्म्या लयीत सलग पाच वेळा, हात न दुखता वाजली पाहिजे. चुका झाल्या तरी चालतील, त्या सरावाने जातात. दुखणे मात्र बहुधा जात नाही, आणि दुखत असताना सराव वाढवणे धोक्याचे आहे.

एक सोनाटा नक्की झाला की मूळ हस्तलिखिते आणि पहिल्या छापील आवृत्त्या ताडून तयार केलेली ‘ऊरटेक्स्ट’ आवृत्ती घ्यावी. फुकट मिळणाऱ्या जुन्या प्रतींत संपादकांनी पदरचे आघात, स्वर जोडून वाजवण्याच्या कमानी आणि पेडलच्या खुणा घातलेल्या असतात. के. ३३२ च्या अडाजिओत तर हस्तलिखित आणि १७८४ ची पहिली छापील आवृत्ती यांतच फरक आहे: धून परत येते तेव्हा छापील प्रतीत ती बरीच अधिक नटलेली आहे. यातले काय वाजवायचे ते विचारपूर्वक ठरवावे आणि परीक्षकाने विचारले तर सांगता यावे.

कार्यक्रमातील शेजारही पाहावा. सोनाटा सी मायनरमधला असेल तर त्याच्या आधी-नंतर आणखी एक उदास, वादळी रचना ठेवू नये. बहुतेक विद्यार्थी सोनाटाने सुरुवात करतात. मला तो दुसऱ्या क्रमांकावर अधिक आवडतो, कारण तोवर बोटे अनोळखी पट्ट्यांना सरावलेली असतात. जळगावहून रात्रभर रेल्वेने ४०० किलोमीटरहून अधिक प्रवास करून मुंबईत परीक्षेला बसणाऱ्याला पहिल्या रचनेची ही चार-पाच मिनिटे फार मोलाची असतात. चित्रीकरण पाठवून परीक्षा द्यायची असेल तर एआरएसएमसारख्या पदविकेत सगळा कार्यक्रम एकाच सलग चित्रीकरणात बसवावा लागतो, म्हणून डिजिटल पियानो चालतो का हे आधी विचारून घ्यावे आणि वीज जाण्याची वेळ टाळावी. पंचविसाव्या मिनिटाला दिवे गेले की पहिल्या स्वरापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

परीक्षेपूर्वी किमान आठ महिने निवड पक्की व्हावी, आणि सहा महिने उरल्यावर, हात दुखण्याखेरीज दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी, ती बदलू नये. तोवर संथ भाग एकदा तरी चार माणसांपुढे वाजवलेला असावा: घरचे असोत, शेजारचे असोत, पाश्चात्त्य संगीत कधी न ऐकलेले असोत. ती माणसे कुठे चुळबुळ करू लागली ते लक्षात ठेवून दुसऱ्या दिवशीचा सराव त्याच बारपासून सुरू करावा.