मिरगाच्या तोंडावर स्वप्नवही

पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी उरकत आली, सोलं-मिरच्या बरणीत गेल्या, की त्याच फेरीत स्वप्नं टिपून ठेवायला एक दोनशे पानी रेघी वही आणि दोन पेन्सिली आणाव्यात. जेल पेन नको. पावसात कागद ओल धरतो आणि शाई पसरते, मग जुलैत वाचायला काही उरत नाही. वही उशाखाली न ठेवता प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हात पोचेल अशा जागी ठेवावी, सोबत लहानशी बॅटरी. पहिल्या पावसात वीज जाणारच.

मिरग (मृग नक्षत्र) ७ जूनच्या आसपास लागतो. त्याच्या आठवडाभर आधी सुरुवात केलीत तर कोरड्या रात्री आणि ओल्या रात्री दोन्ही वहीत येतात. पावसाळ्यात स्वप्नं जास्त पडतात असं लोक म्हणतात, पण त्यात गूढ काही नसावं. पत्र्यावर सर आदळते, पंखा थांबतो, झोप मधेच मोडते; आणि स्वप्न चालू असताना जाग आली की ते आठवण्याची शक्यता वाढते. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं आणि पहाटेच्या आवर्तनांत स्वप्नांचा टप्पा लांबतो. बाराला झोपून पाचला उठणारा नेमका तोच भाग गमावतो. रात्री हुर्राक किंवा फेणीसारखी दारू झाली असेल तर झोपेच्या पहिल्या भागात स्वप्नांचा टप्पा दबतो, त्या रात्रीची नोंद वेगळी खूण करून ठेवा.

जाग आल्यावर हलू नका. बहुतेकांचं इथंच चुकतं: कूस बदलतात, मोबाईल बघतात, आणि स्वप्न गेलं. डोळे मिटूनच शेवटचं चित्र धरा, त्याच्या आधीचं काय, असं मागे मागे जा. मग डाव्या पानावर वर्तमानकाळात लिहा: ‘मी विहिरीच्या काठावर उभी आहे, पाणी वर येतंय.’ पाच-सहा ओळी पुरेत. काहीच आठवत नसेल तर नुसती भावना लिहा, ‘घाई’, ‘लाज’. गोष्ट जुळवायला गेलात की जागं मन गाळलेल्या जागा भरतं आणि नेणिवेचा, म्हणजे अबोध मनाचा, मजकूर पुसला जातो. तुटक आहे ते तुटकच राहू दे.

उजवं पान संध्याकाळी, दहा मिनिटं. आधी आदल्या दिवसाचा दुवा शोधा. स्वप्नाचा कच्चा माल बऱ्याचदा तिथून येतो, हे मनोविश्लेषक फ्रॉइडनं १९०० सालीच मांडलं होतं. नंतर मानसशास्त्रज्ञ युंगची रीत: एकेक वस्तू घ्यायची, ‘माझ्यासाठी ही काय?’ विचारायचं आणि पुन्हा त्याच वस्तूकडे परतायचं. विहीर म्हटल्यावर एखादीला सांजांवाच्या सणाला विहिरीत मारलेल्या उड्या आठवतील, दुसरीला आजोळची रहाट, तिसरीला ‘काठावर जाऊ नको’ म्हणणारी आई. आजीवरून मामा, मामावरून जमिनीचा दावा असं वाहवत गेलात तर विहीर सुटली, परत या. ‘पाणी म्हणजे पैसा’ छापाची स्वप्नफळं बाजूला ठेवा. आणि सकाळी चहासोबत घरात स्वप्न सांगू नका, अर्थ लावायला सगळेच तयार असतात.

एकवीस नोंदी होईपर्यंत अर्थ लावूच नका. मग रंगीत पेन्सिलीनं पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टींभोवती गोल करा: एखादी जागा, एखादं माणूस, उशीर होणं. तीनदा आलेलं घ्या, एकदाच आलेलं कितीही भन्नाट असलं तरी सोडा. त्यातलं एक चित्र निवडून दिवसाउजेडी पंधरा मिनिटं शांत बसा, ते पुढे काय करतं ते पाहा आणि लिहा. युंगनं १९१३पासून हे स्वतःवर करून पाहिलं. तुम्ही ते हाकू लागलात तर ते दिवास्वप्न झालं, तिथंच थांबा.

तेच भयंकर स्वप्न रोज येतंय, झोपायचीच भीती वाटते, किंवा जुना आघात वर येतोय असं दिसलं तर वही बंद करा. गोव्यातल्या बांबोळीच्या मनोरुग्णालयात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही आहे.

दुसरी फेरी चवथीनंतर (गणेशचतुर्थीनंतर), गणपतीवर बांधलेली फळापानांची माटोळी उतरली की. पुन्हा एकवीस नोंदी, मग दोन्ही वेळचे गोल समोरासमोर ठेवा. जूनमध्ये वर येणारं पाणी आता कुठे आहे, आणि काठावर आता कोण उभं आहे, एवढंच तपासायचं.